मुंबईत बसून वेल्श शिकताना

वेल्सला जायचे ठरले की ‘इंग्रजीवर भागेल’ असे सगळेच सांगतात, आणि ते खोटे नाही. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या तीन वर्षांवरील लोकांपैकी १७.८ टक्के लोकांनीच आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदवले. ग्वीनेदसारख्या भागात मात्र निम्म्याहून अधिक लोक ती बोलतात.

नवशिक्याला पहिली धडकी भरते ती शब्दकोश उघडल्यावर. मांजराला ‘काथ’ म्हणतात. पण ‘त्याचे मांजर’ म्हणताना त्याचे ‘गाथ’ होते, ‘माझे’ म्हणताना ‘ङ्हाथ’, आणि ‘तिचे’ म्हणताना घशात घासून उच्चारलेले ‘ख़ाथ’. मराठीत शब्दाचे शेपूट बदलते, इथे तोंडच बदलते, त्यामुळे ऐकलेला शब्द कोशात सापडत नाही. यावर कोष्टके घोकण्यापेक्षा शाळेतले संधी आठवावेत. ‘वाक्’चे ‘वागीश’मध्ये जे होते, तेच ‘काथ’चे ‘गाथ’ होताना होते, म्हणजे क-ख-ग-घ-ङ या वर्गातल्या पहिल्या अक्षराच्या जागी तिसरे येते. आणि ‘वाङ्मय’मध्ये जसे अनुनासिक येते, तसे ‘माझे’नंतर क-ग चे ङ, त-द चे न आणि प-ब चे म होते. क, त, प असतील तर सोबत हकारही येतो. म्हैस आणि न्हाणी म्हणणाऱ्या जिभेला त्यातला फक्त ‘ङ्ह’ नवा आहे. संस्कृतात हा बदल शेजारचा ध्वनी घडवतो, वेल्शमध्ये बहुधा आधीचा शब्द किंवा नामाचे लिंग. म्हणून वहीत नाम एकटे न लिहिता लिंगासह आणि ‘माझे’, ‘त्याचे’ जोडून लिहावे.

वेल्शमधल्या जोड-‘एल’चा (ll) उच्चार करताना जीभ ‘ल’च्या जागी ठेवून तिच्या कडेने नुसती हवा सोडावी. हा सराव घरीच करावा. गर्दीच्या लोकलमध्ये शेजारचा प्रवासी सरकून बसतो.

ऑनलाइन वर्ग घेताना घड्याळ पाहावे: तिथले संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. सकाळी दहाचा वर्ग दुपारी साडेतीनला पडतो, तो बरा.

सर्वांत चिवट अडचण व्याकरणाची नाहीच. आपण अडखळताच समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीवर येतो, जसे मोडके मराठी बोलणाऱ्याशी आपण दादरच्या बाजारात लगेच हिंदी सुरू करतो. तिथे वेल्श बोलणारे कर्मचारी नारिंगी बिल्ला लावतात. तो दिसला की आधी ‘द्विन दस्गी’, म्हणजे ‘मी शिकतोय’, एवढे सांगून टाकावे.