जुनी गाडी ठेवताय की सोडताय? रीपासिंगच्या वेळी या चुका टाळा

कोकणात गाडीचं इंजिन शेवटपर्यंत साथ देतं, आधी जातो तो पत्रा. देवगड, मालवण, गुहागर, दापोली, कुठेही पाहा. खाडीवरून येणारा खारा वारा, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस आणि मडगार्डच्या आत चिकटून बसणारी जांभ्याची लाल माती. पंधरा वर्षं हे सोसल्यावर वरून चकाचक दिसणारी मारुती ८०० खालून चाळण झालेली असते. नेमकी त्याच सुमाराला आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत संपते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर वेळी तपासणी आणि ५ वर्षांची मुदतवाढ, हेच रीपासिंग.

अशा वेळी गाडी रीतसर पास करून वापरणं हे चांगलं उत्तर आहे आणि रीतसर सोडून देणं हेही चांगलं उत्तर आहे. घराघरांत निवडलं जातं ते तिसरंच. काही न ठरवता गाडी मांगराच्या (शेतघराच्या) बाजूला ताडपत्रीखाली उभी राहते. "बाबांची गाडी ती, इकूची नाय" (विकायची नाही) इथपर्यंत चर्चा येते आणि पुढे सगळं भिजत घोंगडं. खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी

आधी पैशाचं बघू. १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ पासून गाडी २० वर्षांवरची असेल तर १०,००० रुपये. मुदत उलटून गेल्यावर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. म्हणजे "बघू पुढच्या गणपतीत" म्हणत दोन वर्षं काढली की नुसत्या उशिराचे १२,००० रुपये. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, त्यामुळे तारीख माहीत नव्हती ही सबब चालत नाही. ती आरसीवरच छापलेली असते.

नोंदणी संपलेली गाडी "फक्त बाजारापर्यंत" नेणं हाही गुन्हाच आहे. पहिल्या वेळी दंड ५,००० रुपयांपर्यंत. वर अपघात झालाच तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

उभ्या गाडीचे हाल तर विचारू नका. प्लास्टिकची ताडपत्री पाऊस अडवते, पण जमिनीतून येणारी वाफ आतच कोंडते आणि पत्रा वरूनही गंजायला लागतो. झाकायचीच असेल तर हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला, आणि ते छपराखाली. पावसाळाभर हातब्रेक ओढून ठेवला तर मागचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात. मग चाक हलत नाही आणि जोर लावला की केबल तुटते. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात. काडीने मोकळी करा, नाहीतर दरवाजा आतून भरतो. डिकीत स्टेपनीखालचा खड्डाही बघा. आणि उंदीर! वायरिंग कुरतडलेली गाडी पासिंगला नेली की एक दिवा लावला तर दुसरा विझतो.

दिल्लीचा नियम कोकणात लावू नका

"पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच जाणार" असं ऐकून कित्येक जण चांगली गाडी कवडीमोलाने देऊन टाकतात. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची बंदी आली ती दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात, तीही न्यायालयीन आदेशांमुळे. रत्नागिरीच्या गाडीशी तिचा काही संबंध नाही. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली, शुल्क आणि पर्यावरण कर भरला, की ती चालते. याच्या उलट टोकाचाही गैरसमज असतो. तीस वर्षांची फियाट 'व्हिंटेज' होत नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

कागद आधी, गॅरेज नंतर

लोक आधी डेंटिंग-पेंटिंगवर पैसे घालतात आणि मग कळतं की गाडी ऑनलाइन दिसतच नाही. जुन्या आरसी बुकवाल्या गाड्यांची नोंद अनेकदा सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढलेली नसते. त्यासाठी आरटीओत बॅकलॉग नोंदीचा, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवण्याचा, अर्ज द्यावा लागतो. ते झाल्याशिवाय शुल्कही भरता येत नाही, म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून बघा.

बोजा ही दुसरी अडचण. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर पतसंस्थेचं नाव तसंच. मधल्या काळात पतसंस्था दुसरीत विलीन झाली असेल, तर ना हरकत दाखला कोण देणार हे शोधण्यातच महिना जातो. दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आधी उतरवा.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी, त्याशिवाय आरटीओतली कामं अडतात. थकलेली ई-चलनं भरा. द्रुतगती मार्गावरचं तीन वर्षांपूर्वीचं चलन अशाच वेळी डोकं वर काढतं. पोर्टलवर जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर असेल तर ओटीपी येणार नाही, म्हणून तो आधी बदला.

चाकरमान्यांची एक खास चूक. गाडी मुंबईची, पण आठ वर्षं गावीच आहे. पासिंगला ती कशेडी घाटातून मुंबईला नेण्याचा खटाटोप करतात, आणि नेमका त्यातच रेडिएटर जातो. गाडी आता गावीच राहणार असेल तर आरसीवरचा पत्ता बदलून घ्या आणि पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरी, जे आपलं कार्यालय असेल तिथे काम करा. तालुक्याच्या ठिकाणी कॅम्प लागतात, त्यांच्या तारखा आधी विचारून ठेवा.

तपासणीत गाड्या कशावर अडतात

सगळ्यात जास्त अडतात त्या चेसिस नंबरवर, आणि त्याकडे कुणी आधी बघतच नाही. नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवतात, आकडे कागदावर उमटले पाहिजेत. छोट्या गाड्यांत तो बहुधा बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असतो, सुमो-जीपसारख्यांत चेसिसच्या दांड्यावर. समुद्राकाठच्या गाडीत तिथे गंजाचा थर असतो. कुणीतरी सॅंडपेपर किंवा ग्राइंडर घेऊन तो साफ करायला जातं आणि घोटाळा होतो, कारण घासलेला नंबर म्हणजे छेडछाडीचा संशय. रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा थोडा वेळ ठेवा, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने साफ करा, पुसून तेलाचा हात फिरवा. घरीच कागद-पेन्सिलने छाप काढून बघा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडा. आकडे गंजून खरंच गेलेच असतील तर आरटीओची परवानगी घेऊन नंबर पुन्हा ठोकून घेता येतो. स्वतःच्या मनाने ठोकलात तर गाडी चोरीची ठरायला वेळ लागणार नाही.

दुसरा विषय पत्र्याचा. गंजावर पुटी भरून वर काळा रंग मारला की गाडी पास होते, असं सांगणारे भेटतील. पुटी कुठे आहे हे एका चुंबकाने कळतं. पत्र्यावर चिकटतो, पुटीवरून घसरतो. पायाखालचं मॅटिंग उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर तिथे पत्रा संपला. जॅक लावायच्या जागा आणि ओम्नीच्या सरकत्या दाराची खालची पट्टी हमखास बघा. माझं मत स्पष्ट आहे: फ्लोअरला भोक असेल तर वेल्डिंग करून घ्या, पण सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा किंवा चेसिसचा दांडा खाल्लेला असेल तर गाडी सोडा. तिथे भावनेला जागा नाही. परशुराम घाटात उतारावर चाक निघालं तर आत आपलीच माणसं असतात.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण गाडी परत पाठवतात: नंबरप्लेटवरचा दिवा, वायपर, हॉर्न, पिवळ्या पडलेल्या हेडलाइट, १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेले टायर, काळी फिल्म, आरसीवर न नोंदवलेलं गॅस किट किंवा बदललेला रंग.

पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, गाडी थंड नेऊ नका. दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन तापू द्या, एअर फिल्टर आदल्या दिवशी बदला. कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं मिश्रण मशीन समोर ठेवून जुळवून देणारा मेकॅनिक अजून सापडतो, त्याला धरा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक. पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा बीएस-४ ला ०.३ टक्के आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के. २०१० साली बीएस-४ फक्त १३ मोठ्या शहरांत आलं होतं, देशभर १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे गावी घेतलेली २०१०-११ ची गाडी बहुधा बीएस-३ असते आणि तिची पीयूसी वर्षभर नव्हे, सहा महिनेच चालते. डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल तर इंजेक्टर आणि फिल्टर बघा. बाटलीतली औषधं टाकून मोठा फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

हे सगळं फेब्रुवारी ते मे या काळात उरका. जूननंतर ना पुटी सुकते ना रंग.

विकताना: कोऱ्या फॉर्मवर सह्या

ओळखीतला माणूस आहे म्हणून मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्यायच्या आणि पैसे घेऊन मोकळं व्हायचं, ही सगळ्यात महाग चूक. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईला नोंदणीकृत मालकच जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत हस्तांतरणाची सूचना आरटीओला द्यायची असते. ती तुम्ही द्या, घेणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. तारीख, वेळ, किलोमीटर लिहिलेली ताबा पावती करा, त्याच्या आधारची प्रत घ्या. नोंदणीकृत डीलरला देत असाल तर फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची.

सिंधुदुर्गातली गाडी गोव्यात जाणार असेल तर फॉर्म २८ चा ना हरकत दाखला लागतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात गाडी बुडाली होती का, हे घेणाऱ्याला सांगून टाका. सीटच्या रुळावरचा गाळ आज ना उद्या बोलतोच.

मालक वारले असतील तर आधी गाडी वारसाच्या नावावर. ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने अर्ज करायचा. बाकीच्या वारसांची संमती लागते. सातबाऱ्यावर बावीस नावं असलेल्या घरात हे सांगायला नको. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. वडील हयात असताना हे एवढं काम करून घ्या.

भंगारात देताना

नाक्यावरचा भंगारवाला दोन हजार जास्त देतो म्हणून त्याला गाडी दिली, आणि आरसी जिवंतच राहिली! त्याच कागदावर दुसरी गाडी फिरली तर पोलीस तुमच्या दारात येतील. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. अर्ज ऑनलाइन होतो, केंद्र गाडी चोरीची नाही ना हे पडताळतं आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला, देतं. नवी खासगी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि केंद्र सरकारच्या नियमानुसार मोटार करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. राज्याची सूट डीलरकडून लेखी घ्या. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलेली आहे. केंद्र लांब असेल तर टोचनचा खर्च कोण करणार हे आधी ठरवा, नाहीतर मिळालेल्यातलं निम्मं त्यात जातं.

गाडी देण्याआधी एक दिवस ती सावकाश रिकामी करा. डॅशबोर्डवरचा गणपती, सनवायझरमागचे फोटो, कप्प्यातली पहिल्या सर्व्हिसची पावती. एखादा लांबचा फेराही मारून या, नोंदणी चालू असेल तर. नंबरप्लेट मात्र आठवण म्हणून काढून ठेवू नका, ती गाडीबरोबरच जायला हवी.

राहतं ते फास्टॅग आणि विमा. फास्टॅग काचेवरून नुसता खरवडून भागत नाही, बँकेकडून बंद करून घ्या. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागा. बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला लावता येतो.