घरच्या घरी स्पार्क प्लग बदलताना: आटे सांभाळा, जुने प्लग नीट बघा

पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या गाडीचे प्लग बदलणं हे पाऊण तासाचं काम आहे. वॅगनआर, स्विफ्ट, आय१० अशा गाड्यांना तीन किंवा चार सिलिंडर असतात आणि प्रत्येकाला एक प्लग. (जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग असतात, ती गाडी असेल तर खरेदी करतानाच लक्षात ठेवा.) काम सोपं आहे, पण हेड (सिलिंडरवरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगचे आटे पोलादाचे. आटे वाकडे चढले तर बिघडतं ते हेड, प्लग नव्हे. म्हणून जिथे आट्यांचा संबंध येईल तिथे हात सावकाश चालवा.

प्लग कोणता घ्यायचा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला नंबरच घ्या. दुकानदार "हा पण बसतो" म्हणाला म्हणून दुसरा घेऊ नका. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. एनजीकेचा बीकेआर६ई-११ हा नंबर उदाहरणासाठी घेऊ. त्यातला आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि ११ म्हणजे गॅप (जिथे ठिणगी पडते ती टोकाची फट) १.१ मिमी. एनजीकेमध्ये उष्णतेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकतो; बॉशमध्ये नेमकं उलट. त्यामुळे एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग निवडता येत नाही. आट्यांची लांबी चुकली तर आणखी वाईट: लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो, आखूड प्लगवर हेडमधल्या उघड्या आट्यांत कार्बन साचतो.

साधा निकेलचा प्लग साधारण ३०,००० ते ४०,००० किमी चालतो, इरिडियमचा १,००,००० किमीच्या आसपास. सीएनजीवर ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे गॅप थोडी जरी वाढली तरी गाडी चढावर मिसिंग करते, म्हणजे एखादा सिलिंडर मधेमधे पेटत नाही. गाडी मुख्यतः सीएनजीवरच पळत असेल तर प्लग मुदतीच्या आधी काढून बघत जा. बदलायचे तेव्हा सगळे एकदम बदला.

बनावट प्लग बाजारात भरपूर आहेत. अस्सल प्लगचे आटे गुळगुळीत असतात, चिनीमातीवरची छपाई स्वच्छ असते आणि वॉशर आट्यांवर अडकवलेला असतो, प्लग उलटा केला तरी गळून पडत नाही.

हत्यारं

१० मिमीचं सॉकेट (प्लगला उच्च दाबाची वीज देणाऱ्या कॉइलच्या बोल्टसाठी), रॅचेट, १५ ते २५ सेंमीचं एक्स्टेंशन, आतून रबर किंवा चुंबक असलेलं प्लग सॉकेट, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि शक्यतो टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा). प्लग सॉकेट बहुतेक गाड्यांना १६ मिमीचं लागतं, काहींना १४ मिमीचं. नवा प्लग हातात आला की आधी त्यावर बसवून बघा. यात आणखी एक फुकटची वस्तू घाला: वीसेक सेंमी रबरी नळीचा तुकडा, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा. त्याचा उपयोग पुढे येतो.

काढणं

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम हेडमधून प्लग ओढला तर ॲल्युमिनियमचे आटे त्याच्याबरोबर निघून येऊ शकतात. चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टोक सुटं करा. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि मध्ये येत असेल तर एअर फिल्टरची नळी बाजूला करा.

कॉइलच्या कनेक्टरची खिट्टी दाबून कनेक्टर ओढा. वायर धरून ओढू नका. उष्णतेनं हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, खिट्टी तुटली की कनेक्टर पुढे खड्ड्यातून जाताना ढिला पडतो. बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सरळ वर उचला. कॉइलऐवजी प्लगच्या वायरी असलेल्या जुन्या गाडीत एका वेळी एकच वायर काढा, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

आता प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, टॉर्च मारून बघा. धूळ, वाळू, सुकलेली पानं काहीही असू शकतं. प्लग काढायच्या आधी पंपानं किंवा हवेच्या नळीनं फुंकून साफ करा, नाहीतर ती वाळू थेट सिलिंडरमध्ये. विहिरीत पाणी दिसलं तर ते बहुधा धुलाईच्या फवाऱ्याचं किंवा पावसाचं असतं. पाण्यामुळे ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते आणि गाडी धुतल्यावर मिसिंग सुरू होतं ते यामुळेच. तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) सील गेलंय, ते बदलल्याशिवाय नव्या प्लगचा फायदा टिकणार नाही.

सॉकेट सरळ बसवा आणि प्लग सैल करा. मध्येच जड लागला तर जोर लावू नका. पाव फेरा उलटा घट्ट करा, आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा, दहा मिनिटं थांबा, मग पुढे-मागे करत काढा.

जुन्या प्लगवरून काय कळतं

काढलेले प्लग क्रमानं मांडून ठेवा. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर १, २, ३, ४ लिहिलं की झालं. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा गाडी रोज दोन-तीन किमीच पळते. टोक तेलकट ओलं असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील तपासायला हवं. पांढरं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे प्लग फार तापतोय: मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), प्लगचा क्रमांक चुकलाय किंवा तो सैल होता. बाहेरच्या चिनीमातीवर षट्कोनाच्या लगत पिवळट-तपकिरी पट्टा दिसतो, त्याला पुष्कळदा गॅसची गळती समजतात. तो उच्च दाबाच्या विजेमुळे चिकटलेल्या तेलकट धुळीचा डाग असतो, त्यात काही बिघाड नाही.

चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. सगळेच सारखे काळे असतील तर हवा आणि पेट्रोलकडे बघा.

बसवणं

गॅप फिलर गेजनं मोजा. निकेलच्या प्लगची बाहेरची पट्टी हलकेच वाकवून गॅप दुरुस्त करता येते. इरिडियमला हात लावू नका, त्याचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं आणि जरा तिरका दाब आला की तुटतं. खाली पडलेला प्लग वापरू नका, आत गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळी चढवा आणि प्लग विहिरीत सोडा. आधी उलट्या दिशेनं हळू फिरवा, "टक" असं जाणवलं की आट्यांची सुरुवात सापडली. तिथून सुलट फिरवा. आटे वाकडे चढू लागले तर नळी प्लगवर घसरते आणि नुकसान टळतं. रॅचेट मात्र काही न कळू देता आटे कापत जातं. प्लग टेकेपर्यंत सगळे फेरे हातानंच व्हायला हवेत.

मग टॉर्क: १४ मिमी आट्यांच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर नवा वॉशर असलेला १४ मिमीचा प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर एक-बारांश फेरा पुरे, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. सैल ठेवणं जास्त घट्ट करण्याइतकंच घातक आहे: प्लगची उष्णता आटे आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते, ती वाट नीट नसेल तर टोक लाल होऊन पेट्रोल वेळेआधी पेटतं. मुलामा असलेल्या आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसमुळे घर्षण कमी होतं आणि टॉर्क पान्यावर आकडा बरोबर दिसला तरी आटे जास्त ताणले जातात.

कॉइलच्या रबरी नळीला तडे किंवा आत बारीक काळ्या रेषा आहेत का बघा. कडेला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, कॉइल दाबून बसवा, बोल्ट हलक्या हातानं आवळा, कनेक्टर "टक" होईपर्यंत ढकला. बॅटरी जोडल्यावर आयडलिंग थोडा वेळ वरखाली झालं तर घाबरू नका, ईसीयू (इंजिनचा संगणक) नव्यानं शिकत असतो.

मिसिंग राहिलंच तर आधी कनेक्टर तपासा. चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाळतं. स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०३०१ आलं तर पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ तर दुसऱ्याचं. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावून बघा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेलीय. नाही सरकला तर प्लग काढून चिनीमाती बघा, सॉकेट तिरकं झाल्यामुळे बसवतानाच ती तडकलेली असू शकते.