उमेदवाराचं शिक्षणातलं काम आणि जुने संबंध कसे तपासायचे

निवडणूक लागली की आपल्या नागपुरात प्रत्येकच उमेदवार शिक्षणाचा कायापालट करायला निघालेला असतो. भाषण ऐका, पण मत ठरवायच्या आधी कागद बघा, बहुतेक कागद घरबसल्या मोबाईलवर मिळतात.

लोकसभा-विधानसभेचा उमेदवार असेल तर आधी शपथपत्र काढा, म्हणजे फॉर्म 26. निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, गुन्हे, संपत्ती, कर्ज, स्वतःचं शिक्षण सगळं त्यात. मायनेता साइटवर मागच्या निवडणुकीचं पण सापडतं, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. गुन्हे दिसले की लगेच वाईट ठरवू नका, कलम बघा, केस प्रलंबित आहे की शिक्षा झाली ते बघा. मोर्चात रस्ता अडवल्याची केस आणि संस्थेतल्या पैशाच्या अफरातफरीची केस सारखी कशी धरणार?

आधी आमदार राहिला असेल तर विधिमंडळाच्या साइटवर त्याने शिक्षणावर काय प्रश्न विचारले ते शोधा. हिवाळी अधिवेशन तर आपल्याच शहरात भरतं, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक यशवंत स्टेडियमवर थंडीत बसलेले असतात, तेव्हा हा माणूस सभागृहात त्यांच्यासाठी बोलला का हे विचारायलाच पाहिजे. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के जागांतून सरकारने सूट दिली होती, जुलैत हायकोर्टाने ते रद्द केलं. मधल्या काळात गरीब घरचे आईबाप हवालदिल होते. तेव्हा उमेदवार काय बोलला? पहिलीपासून हिंदीचा जीआर 2025 च्या एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेतला, तेव्हाची भूमिका पण बघा, नंतरची नाही, तेव्हाची, कारण वारं फिरल्यावर सगळेच बोलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे किती नेत्यांच्या स्वतःच्याच शिक्षण संस्था आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टची नोंद असते, तिथे पीटीआर उतारा (ट्रस्टच्या नोंदवहीतली नोंद) आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) मागा, विश्वस्त कोण, कधी आला, कधी गेला, सगळं तारखेनिशी कळतं. मुलगा, सून, मेहुणा तिथे आहेत का बघा. 2025 मध्ये बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाचं प्रकरण नागपुरातूनच बाहेर आलं, म्हणून संस्थेतल्या शिक्षक भरतीबद्दल थेट प्रश्न विचारायला लाजू नका, मात्र पुराव्याशिवाय कोणाचं नाव जोडू नका.

जुने संबंध म्हणजे लग्नातला फोटो नाही हो! व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो काहीच सिद्ध करत नाही. एकत्र विश्वस्त होते, भागीदार होते, कर्ज घेतलंय, हे संबंध. आणि संबंध वीस वर्षांपूर्वीच सुटला असेल तर तसं सांगा.

वस्तीतल्या मनपा शाळेत पण जाऊन या. नवा रंग, नवं गेट, कोनशिलेवर नाव, हे दिसेलच. मुख्याध्यापकांना फक्त इतकं विचारा, मंजूर पदं किती, भरलेली किती. त्यांना बोलता येत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, उत्तराची मुदत 30 दिवस, त्यामुळे आचारसंहितेची वाट न बघता आताच टाका.