जुना गेमिंग लॅपटॉप विकायचाय? किंमत अशी काढा

लॅपटॉप विकायला काढला की बहुतेक जण एकच चूक करतात, कपाटातलं बिल काढतात आणि त्यातून अंदाजे काहीतरी वजा करतात. "२०२२ ला ८५ हजाराला घेतलाय, ५५ तरी यायलाच पाहिजेत." अहो पण घेणाऱ्याला तुमच्या बिलाशी काय करायचंय, तो एवढंच बघतो की आज नवाकोरा वॉरंटीवाला केवढ्याला मिळतोय आणि तुमचा घेऊन त्याचे किती वाचतायत. म्हणून हिशोब तिथूनच सुरू करायचा.

समजा तुमच्याकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप आहे, ६ जीबीवाला. मग आज त्याच्या तोडीचा नवीन कोणता ते शोधा, ४०५० धरायला हरकत नाही, तोही ६ जीबीच आहे. बँक ऑफर धरून तो आज ७० हजाराला पडतोय असं समजू. वॉरंटी संपलेला पण नीट वापरलेला लॅपटॉप असेल तर मी याच्या ५५ ते ६० टक्के धरतो, वॉरंटी सहा महिने किंवा जास्त शिल्लक असेल तर ६५-७० पर्यंत जातो. हा माझा आपला ठोकताळा आहे. म्हणजे ६० टक्क्यांनी ४२ हजार झाले, आता यातून काय काय कापायचं ते बघू.

त्याआधी एक गोष्ट जी निम्म्या जाहिरातींत लिहिलेलीच नसते, ती म्हणजे कार्ड किती वॅटचं आहे. लॅपटॉपमधलं ३०६० हे ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत येतं, नाव तेच, पण गेममध्ये फरक चांगलाच जाणवतो. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडा, खाली डावीकडे सिस्टीम इन्फर्मेशन आहे, तिथे मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर दिसते, तिचा स्क्रीनशॉट जाहिरातीत टाकाच. जास्त वॅटचं असेल तर दोन-तीन हजार वर मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि कमी वॅटचं असेल तर घेणारा स्वतः बघून भाव पाडण्याआधी तुम्हीच कमी धरा.

आता बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हे इंग्रजीत टाईप करून एंटर मारा, फाईल कुठे सेव्ह झाली ते लगेच खाली लिहून येतं. त्यात दोन आकडे बघायचे, डिझाईन कपॅसिटी म्हणजे नवी असतानाची आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आत्ताची. पहिला ५७,००० आणि दुसरा ३४,००० असेल तर बॅटरी ६० टक्क्यांवर आलीय, मग नवीन बॅटरीचा जो खरा खर्च तुमच्या मॉडेलला येतो तो विचारून घ्या आणि सरळ कापा, समजा ४,५००.

बिजागरी मात्र हातानेच बघावी लागते. झाकण एका कोपऱ्याला धरून हळूच उचला, खालची बॉडी कडेने फाकतेय का, "कट्" असा आवाज येतोय का ते बघा, कारण बऱ्याच प्लास्टिक बॉडीत स्क्रू ज्यात बसतात ते पितळी नट आतून उखडलेले असतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लपवू नका, घेणारा पहिल्या मिनिटात झाकणच उघडतो. दुरुस्तीचे २,५०० धरले तर आपण ३५ हजारावर आलो. ओरिजिनल चार्जर नसेल तर त्याचेही कापावे लागतील, साध्या कमी वॅटच्या चार्जरवर गेमिंग लॅपटॉप पूर्ण ताकदीने चालतच नाही.

रॅमच्या बाबतीत उलट आहे, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भयंकर चढलेत, त्यामुळे तुम्ही नंतर १६ ची ३२ जीबी केली असेल तर ती फुकटात देऊ नका. आणि सातव्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर, जीटीएक्स १०५० कार्ड असा जुना लॅपटॉप असेल तर वरचे टक्के विसरा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, जो येईल तो हाच मुद्दा काढून भाव पाडणार.

मग ३५ हजार हा आकडा बाजारात तपासून घ्या. ओएलएक्सवर ४८ ची जाहिरात दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, ती महिनाभर तशीच पडून असते, जी जाहिरात आठवड्यात गायब होते तिचा भाव खरा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानांत विचारून या, दुकानदार स्वतःचं मार्जिन ठेवून कमीच सांगणार, पण तो तुमचा तळ समजा, त्याच्या खाली कुणालाच द्यायचा नाही. जाहिरातीत ३८ लिहा, घासाघीस होऊन ३५ ला येतं.

वेळ साधता आली तर जून ते ऑगस्ट बघा, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची पोरं शोधत असतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये नवीनच स्वस्त होतात, तेव्हा जुन्याला कोण विचारतंय.

घेणारा आला की चार्जर लावून २० मिनिटं गेम चालवून दाखवा. पैसे "मिळवायला" कुणी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर तो फ्रॉड आहे, तिथेच थांबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. रक्कम खात्यात आलेली बँकेच्या ॲपमध्ये दिसली की मग त्याच्यासमोर सगळ्या अकाउंटमधून साइन आउट करा, रिसेट मारा आणि बिलाची प्रत हातात द्या.