बेळगावातनं कॅम्पिंगला जायचं तर जागा कशी हुडकायची: तंबू, ग्लॅम्पिंग, कॅरॅव्हॅन सगळं

आमच्याकडं आता दर शनिवारी कुणी ना कुणी विचारतंयच, पोरांना घेऊन एक रात्र तंबूत राहायचं आहे, कुठं जाऊ सांगा की. आणि विचारणाऱ्यानं इन्स्टावरचा फोटो आधीच दाखवलेला असतोय, पांढरा डोम, बाहेर दिव्यांची माळ, मागं डोंगर. फोटो बघून जागा ठरवू नका एवढंच माझं म्हणणं. आधी महिना बघा, मग बरोबर कोण कोण आहे ते बघा, आणि फोटो सगळ्यात शेवटी.

महिना का म्हणतोय तर आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत दोन वेगळ्या देशांसारखा आहे. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि जिल्ह्याबाहेर महाराष्ट्रातली आंबोली म्हणजे सह्याद्रीचा माथा, आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतोय, आणि पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणीकडं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा पण पडत नाही. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये पोरंबाळं घेऊन कणकुंबीच्या बाजूला तंबूत झोपायचा हट्ट करू नका, जळवा, ओली अंथरुणं, लाईट गेलेली, आणि त्या दिवसांत खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडं जायला वनखातं बंदी घालतंय म्हणजे बघायचं ते पण बघायला मिळत नाही. पावसाळ्यात हिडकल, गोकाकच्या बाजूला जावा. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा आहे आणि तो बघण्यासारखा तेव्हाच असतोय. फक्त तिकडं वारं लई, सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या उगीच नाही लावल्या, त्यामुळं तंबूला आडोसा आहे काय ते विचारून घ्या. पश्चिमेकडं जायचं तर दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत. थंडीत बेळगावातच रात्री पारा १३-१४ पर्यंत उतरतोय, रानात त्याहून खाली, तेव्हा रजई तिथं मिळणार की आपली न्यायची हे फोनवरच ठरवा.

दुसरं म्हणजे जमीन, हे कोण बघतच नाही. खानापूर, चंदगडकडं बरेच जण भात कापून झाल्यावर खाचरातच तंबू ठोकतात, दिसायला सपाट आणि झकास, पण खाचर बनवलेलंच असतंय पाणी धरून ठेवायला, अवकाळी एक सर आली की अंथरुणाखाली तळं. जांभ्याच्या सड्यावर किंवा जरा उतारावर चौथरा करून तंबू लावलेत तर ती जागा चांगली. पूर्वेकडं काळी माती, कोरड्यात एक नंबर, भिजली की चप्पल पण पायात राहत नाही आणि गाडी तर जाग्यावरच रुतती.

फॅमिली असली की सगळ्यात कमजोर माणसाच्या हिशोबानं जागा बघायची. आजीचे गुडघे दुखत असतील तर तंबूपासून संडास किती पावलं, वेस्टर्न आहे काय, वाटेत पायऱ्या किती, रात्री तिथं दिवा असतोय काय. बारकं पोर असेल तर रात्री १ वाजता दूध गरम करून मिळेल काय. मालक "सगळं आहे सर" म्हणणारच, म्हणून त्याला म्हणा की संडास-बाथरूमचा व्हिडिओ व्हॉट्सअपवर पाठवा, आत्ताच्या आत्ता. जो पाठवतोय त्याच्याकडं जावा, जो "आल्यावर बघा की" म्हणतोय त्याला सोडा. गरम पाणी बंबाचं, सोलरचं की गॅस गिझरचं ते पण विचारा, गॅस गिझर असला तर तो बाथरूमच्या बाहेर बसवलेला पाहिजे. आणि थंडी कितीही असू दे, झोपताना तंबूत कोळशाची शेगडी घ्यायची नाही म्हणजे नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतोय, झोपेतच माणूस जातोय.

नदीकाठची जागा पोरांना आवडती, खरं आहे. पण दांडेली, गणेशगुडीकडं काळी नदीवर वर सुपा धरण आहे आणि वीज तयार करायला पाणी सोडतील तसं खालचं पाणी वाढतंय-उतरतंय, आभाळ निरभ्र असलं तरी. त्या पाण्यावरच उन्हाळ्यात राफ्टिंग चालतंय. म्हणून काठाला लागून तंबू असेल तर पोरं सोबत असताना तो घेऊ नका, वरच्या बाजूचा मागा, आणि लाईफ जॅकेट पोराच्या मापाचं आहे काय ते बघूनच पाण्यात सोडा.

जंगलाच्या कडेला म्हणजे जनावरं आलीच. खानापूरकडचं भीमगड अभयारण्य २०११ साली झालं, अस्वल, गवे सगळं आहे, चंदगड आणि दोडामार्गकडं हत्ती पण येतोय. कोण तरी "आतल्या जंगलात ओपन कॅम्पिंग" म्हणून विकत असेल तर परवानगी दाखव म्हणा, अभयारण्यात आपल्या मनानं तंबू ठोकला तर गुन्हा होतोय आणि पकडले तर तो मालक तिथं नसणार, तुम्हीच असणार. आतलंच पाहिजे असेल तर हेमाडग्याला वनखात्याचा नेचर कॅम्प आहे, तिथं चौकशी करा. डिसेंबर ते मे माकडतापाचे दिवस. १९५७ साली शिमोग्याकडं पहिल्यांदा सापडलेला आजार, पण अलीकडं गोव्यातल्या सत्तरी, दोडामार्गपर्यंत पेशंट सापडलेत. गोचिडीतनं येतोय. आसपास माकडं मेलीत काय हे कॅम्पवाल्याला नाही, गावातल्या चहाच्या टपरीवर विचारा, तिथं खरं कळतंय. पालापाचोळ्यात बसायचं नाही, फुल पँट घालायची, परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आठवणीनं सांगायचं.

ग्लॅम्पिंगचं, म्हणजे हॉटेलसारख्या थाटाच्या कॅम्पिंगचं, थोडक्यात सांगतो. पलंग, अटॅच बाथरूम आणि नाष्टा मिळतोय, पैसे हॉटेलएवढे किंवा जास्तच. प्लास्टिकचा पारदर्शक डोम एप्रिलमध्ये सकाळी ८ पासून तापायला लागतोय, तेव्हा सावली आणि एसी दोन्ही विचारा, आणि लाईट गेल्यावर जनरेटरवर एसी चालतोय की फक्त बल्ब. कापडी मोठा तंबू दोन्ही बाजूनं उघडणारा असला तर मला तोच बरा वाटतोय. शेजारच्या तंबूचं अंतर पण विचारा, कापडाच्या भिंतीतनं घोरणं सोडा, शेजारच्यांची भांडणं पण ऐकू येतात. डीजे असतोय काय हा प्रश्न फॅमिलीवाल्यांनी पहिला विचारायचा, "लाईट म्युझिक" म्हटलं तर समजून जायचं.

आता कॅरॅव्हॅन, म्हणजे आतच झोपायची आणि संडासाची सोय असलेली गाडी. भाड्याच्या गाड्या बहुतेक पुणे नाहीतर बेंगळुरूहून येतात, बेळगाव हायवेवरच आहे म्हणून मुक्कामाला सोयीचं पडतंय, पण कॅरॅव्हॅनसाठीच म्हणून बांधलेली जागा आपल्याकडं हुडकावीच लागती. त्यामुळं कुठल्यातरी रिसॉर्टच्या किंवा शेताच्या मालकाशी बोलून ठरवायचं. त्याला चार गोष्टी विचारा. गेटची रुंदी आणि वरच्या फांद्या-वायरी, कारण गाडी ३ मीटरच्या आसपास उंच असती आणि लोंबणारी सर्व्हिस वायर कुणाच्या ध्यानात नसती. १५ अँपियरचा अर्थिंगवाला पॉईंट गाडीपर्यंत पोचतोय काय, एक्स्टेन्शन बोर्डावर एसी लावला तर बोर्ड वितळतोय. गोडं पाणी भरायला नळ. आणि संडासाची टाकी कुठं ओतायची, हे लाजून विचारत नाहीत आणि मग पहाटे ओढ्यात नेऊन ओततात, तेच पाणी खालचं गाव पितंय. सेप्टिक टँक आहे आणि त्यात ओतू देतोय असं मालकानं कबूल केलं तरच जावा. गाडी उभी करायची जागा सपाट आणि मुरमाची पाहिजे. चोर्ला घाट मोठ्या गाडीनं पावसाळ्यात आणि अंधारात नको, वळणावर समोरून दुसरी मोठी गाडी आली की मागं घ्यायला जागा नसती.

ॲडव्हान्स देताना पावसामुळं रद्द झालं तर पैसे परत की तारीख पुढं, हे मेसेजवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं सोमवारी कुणाला आठवत नाही. निघायच्या आधी ऑफलाईन मॅप उतरवून ठेवा, जांबोटीच्या पुढं रेंज जाती-येती. आणि गोव्याच्या बाजूनं परत येणार असाल तर डिकीतल्या दारूच्या बाटल्या तिकडंच संपवून या, ड्रायव्हर सोडून बाकीच्यांनी, कणकुंबीच्या चेकपोस्टवर गाडी उघडून बघतात.