वावरातल्या कापसाचा कावाई नंदी

माझ्या हातचा पहिला क्रोशाचा नंदी पाहून माझी अडीच वर्षांची भाची तिच्या आईच्या पदराआड लपली. मी चार रात्री खपून तो विणला होता. पांढरी लोकर, खांद्यावर राखाडी झाक, अगदी आपल्याकडच्या गवळाऊ बैलासारखा. डोळेही खऱ्या बैलाला असतात तिथेच लावले होते, डोक्याच्या दोन्ही अंगांना, शिंगांच्या बुडाशी. आजीने तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "डोये खाली घे वं याचे. लेकराचे डोये कुठी असतात, पाय ना जरा."

मी भाचीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खरंच की! निम्मा चेहरा नुसतं कपाळ. डोळे मधोमध नाहीत, मधल्या रेषेच्याही खाली, आणि एकमेकांपासून चांगले लांब. नाक म्हणजे त्याच रांगेत बसवलेलं एक बटण. मी नंदीचे डोळे उसवले, समोरच्या बाजूला आणून चार ओळी खाली लावले. बाकी काहीही बदललं नाही. संध्याकाळी तो तिच्या काखेत होता.

जपानीत गोंडस, लाडिक, जीव लावावा अशा गोष्टीला 'कावाई' म्हणतात. 'कोवाई' म्हटलं की अर्थ होतो भीतीदायक. माझा नंदी चार ओळींत कोवाईचा कावाई झाला. आजीने जे सांगितलं ते कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ साली लिहून ठेवलं होतं: मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, खाली असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल. हे दिसलं की माणसाचा हात आपोआप जपायला पुढे होतो, मग ते माणसाचं लेकरू असो की कुत्र्याचं पिल्लू.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. क्रोशा आईकडून आला. तान्हा पोळा, म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा, महिनाभरावर आला की गावातल्या मुली माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी यादी करा. हे मी प्रत्येक मुलीकडून करून घेते, त्याशिवाय सुई हातात देत नाही. हजारेक वर्षांपूर्वी जपानच्या सम्राज्ञीच्या पदरी सेई शोनागोन नावाची बाई होती. तिने जीव लावणाऱ्या गोष्टींची एक यादी लिहून ठेवली. खरबुजावर काढलेला लेकराचा चेहरा. उंदरासारखं चुकचुक केलं की टुणटुण उड्या मारत येणारं चिमणीचं पिल्लू. रांगता रांगता जमिनीवरचा बारीकसा कण दिसला म्हणून तो इवल्या बोटांनी उचलून मोठ्या माणसांना दाखवणारं बाळ. यातलं काही विकत आणावं लागत नाही, फक्त दिसावं लागतं. तुमच्या वावरातलं काय आहे? मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं: नुकतं जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उभं राहताना मागचे पाय आधी सरळ करतं ते. दुसरीने लिहिलं: तुरीच्या शेंगेत एकच दाणा निघतो तो. त्या मुलीने पुढे तुरीचा दाणाच विणला, त्याला डोळे लावले, आणि तो मला आजवर पाहिलेल्या सगळ्या बाहुल्यांहून आवडला. यादी तुमची असेल तरच वस्तू तुमची होते.

म्हणून मी हॅलो किट्टीची, त्या मांजरीसारख्या दिसणाऱ्या जपानी चित्राची, नक्कल करू देत नाही. किट्टी मलाही आवडते. सॅनरिओ कंपनीसाठी युको शिमिझू या चित्रकार बाईंनी ती १९७४ साली काढली, आणि सुटे पैसे ठेवायच्या एका छोट्याशा पाकिटावर ती पहिल्यांदा बाजारात आली. तिच्याकडून एकच गोष्ट घ्या: तिला तोंड नाही. त्यामुळे पाहणारा हसरा असेल तर ती हसरी वाटते, पाहणारा उदास असेल तर तीही उदास वाटते. आमच्या नंदीलाही मी तोंड करत नाही. आजीने विचारलं होतं, "काहून वं, याले तोंड कुठी हाय?" मग तिचं तिनेच उत्तर दिलं, "बैल कुठी बोलते म्हना. त्याच्या डोयातच समजते."

आता सामान. चार पदरी लोकर: पांढऱ्याचा एक गुंडा, राखाडी, काळी आणि गुलाबी थोडी थोडी. अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई. या लोकरीला एरवी याहून जाड सुई घेतात, पण जाड सुईने वीण सैल पडते आणि आतला कापूस छिद्रांतून डोकावतो. लोकर ओवायची मोठी सुई, दोन टाचण्या, आणि कापूस.

कापूस घरचाच घ्या. पहिल्या वेच्याचा, स्वच्छ. किडक्या बोंडाची कवडी नको. शंभर ग्रॅम कापसातून सरकी काढली की तेहतीस-चौतीस ग्रॅम रुई हाती लागते, एका नंदीला तेवढी भरपूर झाली. सरकी हाताने काढा, एकही राहू देऊ नका. राहिलेली सरकी गालात खड्यासारखी टोचते, आणि तिच्यात तेल असतं, पुढे डाग पडू शकतो. पानांचा चुरा निवडून रुई दुपारभर उन्हात टाका, मग बोटांनी मोकळी पिंजा. हे काम कंटाळवाणं आहे. पण दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईला कापूस म्हणजे नुसतं कंबरदुखीचं कारण वाटतो, तीच बाई तो लेकराच्या खेळण्यासाठी पिंजत बसते तेव्हा तिचा चेहरा वेगळा असतो. मी पाहिलं आहे.

जपानीत अशा विणलेल्या बाहुल्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. सगळं काम मुक्या खांबांचं (इंग्रजीत 'सिंगल क्रोशे'), गोल गोल, ओळ न जोडता गोगलगाईच्या पाठीसारखं फिरत जायचं. प्रत्येक ओळीच्या पहिल्या खांबात वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवा, नाहीतर मोजणी हमखास चुकते.

डोकं आधी. दोन साखळ्या घाला, सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबात दोन, झाले बारा. तिसरीत एक साधा, पुढच्यात दोन, असं करत अठरा. चौथीत दोन साधे मग दोन एकात, चोवीस. पाचवीत तीस, सहावीत छत्तीस. प्रत्येक ओळीत सहाच वाढतात, एवढं ध्यानात ठेवलं की कागद लागत नाही. सातवी ते बारावी ओळ न वाढवता सरळ विणा. तेराव्या ओळीपासून घट: चार साधे, मग दोन खांब मिळून एक, तीस उरतात. पुढच्या ओळीत तीन साधे आणि एक घट, चोवीस. त्यापुढे अठरा. इथे थांबा, तोंड उघडं ठेवा. छोट्या संत्र्याएवढं डोकं तयार होतं.

अंग याहून लहान करायचं, आणि इथेच सगळ्या मुली अडतात. "ताई, बैलाचं अंग मोठं असते ना," म्हणतात. शेतातल्या बैलाचं असतं. आपला नंदी तान्हा आहे. त्याचंही सहा, बारा, अठरा, चोवीस, मग सहा ओळी सरळ, शेवटी एका ओळीत घट करून अठरा. डोक्याचे अठरा आणि अंगाचे अठरा, दोन्ही तोंडं बरोबर जुळतात. रुई अगदी छोटे छोटे पुंजके करून भरा, आधी कडेने, मग मधे. एकच मोठा गोळा कोंबला तर आठ दिवसांत गाठी होतात. गालांच्या जागी दोन पुंजके जास्त. मान घट्ट भरा, नाहीतर डोकं कलंडतं.

पाय चार. काळ्या लोकरीने सहा, दुसऱ्या ओळीत एकाआड एक वाढवून नऊ, हे झाले खूर. मग पांढऱ्याने तीन ओळी सरळ. दोन पाय बुडाला पुढे काढून, दोन छातीशी, लेकरू फतकल मारून बसतं तसे शिवा. शिंगं म्हणजे पाच खांबांच्या तीन-चार ओळी. आखूड ठेवा, टोकदार करू नका. कानांना रुई नको, सहाचे नऊ करून दोन ओळी विणा, चपटे करा आणि शिंगांच्या खाली थोडे झुकते लावा. वशिंड विसरू नका: राखाडी लोकरीने सहा, बारा, एक ओळ सरळ, थोडी रुई, मानेच्या मागे. मी एकदा वशिंड न लावता पाठवला तर घेणाऱ्याने विचारलं, हा कुत्रा आहे का?

डोळ्यांवर मात्र वेळ घालवा. अर्धा तास लागला तरी लागू द्या. टाचण्या काढा, वरून मोजून दहाव्या आणि अकराव्या ओळीच्या मधे टोचा, दोघींमधे आठ खांब सोडा. नंदी हातभर लांब ठेवून पहा. मग एक खांब आत घेऊन पहा, एक बाहेर. डोळे जवळ आले की तो शहाणा, थोडा आगाऊ वाटतो. लांब गेले की भोळा वाटतो. एक ओळ वर सरकवले की वयाने मोठा होतो. हे वाचून कळत नाही, टाचण्या हलवताना अंगावर शहारा येतो तेव्हा कळतं. जो चेहरा तुमच्याशी बोलला तो पक्का करा. घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर मणी किंवा बटण लावूच नका, ते तोडून तोंडात घालतात. काळ्या दोऱ्याने भरून डोळे काढा, वरच्या कोपऱ्यात पांढरा एक टाका घाला. काळ्यात तो एवढासा पांढरा पडला की नजर जिवंत होते. दोन डोळ्यांच्या मधे, किंचित खाली, गुलाबी दोऱ्याचे तीन आडवे टाके म्हणजे नाक. डोळ्यांच्या बाहेरून खाली गुलाबी गाल. डोळ्यांना बसण्याआधी मी गोठ्यातलं वासरू पाहून येते. हिरोशिमा विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पिल्लांची चित्रं पाहिल्यावर विद्यार्थ्यांनी चिमट्याने करायचं बारीक काम जास्त जपून केलं होतं. माझ्या हाताला ते पटतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आठवीत असताना मी अनुस्वाराच्या टिंबाऐवजी छोटं फूल काढायचे. पानभर फुलं. वर्गात माझं पान फाडलं गेलं, वर्गासमोर, 'हे काय पोरकट' म्हणून. त्यानंतर मी वहीत काहीही काढलं नाही. पुष्कळ वर्षांनी मोबाइलवर वाचलं की १९७०च्या दशकात जपानच्या शाळकरी मुलींनी अगदी हेच केलं होतं. बारीक शिसाच्या पेन्सिलीने त्या गोल गोल, फुगीर अक्षरं काढायच्या, मधे बदाम, चांदण्या. काही शाळांनी त्यावर बंदी घातली. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या कंपनीने विकलं नव्हतं, मुलींचं आपापसातलं अक्षर होतं ते. किट्टीसारख्या वस्तू दुकानांत याच दशकात आल्या. पुढे टोकियोच्या हाराजुकूमध्ये मुलं-मुली आपल्याला हवे तसे रंग, झालरी, क्लिपांचे ढीग अंगावर घालून रस्त्यावर उभी राहिली, आणि १९९७ पासून 'फ्रूट्स' नावाच्या मासिकाने त्यांचे फोटो छापले. पोरकट म्हणून ज्याला हिणवलं ते त्यांनी उघडपणे मिरवलं. हे वाचलं त्या रात्री मी पुन्हा वहीत फूल काढलं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलीने नंदीला जांभळी शिंगं केली तर मी थांबवत नाही. एकीने तिच्या नंदीला दप्तर विणलं, कारण तिला शाळा पुढे शिकायची आहे. घरात हे तिने कुणालाच म्हटलं नव्हतं. दप्तर पाहून तिच्या बापाने विचारलं, मग बोलणं निघालं. तुमच्या नंदीजवळ काय असावं, ते तुम्ही ठरवा. झूल मात्र जुन्या ब्लाउजच्या कापडाची करा. आईच्या किंवा आजीच्या, ज्याची आठवण आहे अशा कापडाची.

तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी लेकरांसाठी सुरू केला असं सांगतात, आणि लाकडी नंदीचा मान आहेच. आमचा विणलेला नंदी छोट्या पाटीवर बसवतो, पाटीला चार चाकं, पुढे सुतळी. लेकरं तो ओढत घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ किंवा पैसे, मागायला जातात. पाटीला नंदी खालून चार टाके घालून बांधा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात पडतो.

शेपटी सगळ्यात शेवटी: पांढऱ्याच्या बारा साखळ्या, टोकाला काळ्या लोकरीचा गोंडा. गाठ अंगाच्या आत ओढून घ्या, बाहेर राहिली की लेकरू ती ओढून ओढून सोडवतं.

आत कापूस असल्याने नंदी पाण्यात बुडवू नका, गोळे होतात आणि वाळायला आठवडा लागतो. ओल्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवा. हळदीचा डाग जात नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आजीने गोठ्यातल्या बैलांचे खांदे तूप-हळदीने मळले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, आणि तोच हात ओसरीवर बसलेल्या भाचीच्या नंदीच्या वशिंडावरही फिरवला. राखाडी लोकरीवर तो पिवळा ठसा अजून तसाच आहे. भाची आता कुणालाही तो पुसू देत नाही.