ऑस्ट्रेलियात इंडिजिनस विद्यार्थ्यांसाठी सरकारी कॅडेटशिप: अप्लाय कसं करायचं

ॲडलेड-मेलबर्नच्या आपल्या मराठी ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतंच, ही कॅडेटशिप, म्हणजे शिकता शिकता सरकारी खात्यात पगारी काम, माझ्या मुलाला चालेल का? नाही चालणार. ही जागा ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांचीच आहे, पण मुलाच्या वर्गात असं कोणी सायन्स किंवा इंजिनिअरिंग करत असेल तर त्याला नक्की सांगा.

साधारण गणित असं, सेमिस्टर चालू असताना अभ्यासासाठी भत्ता, पुस्तकांना थोडे पैसे, आणि वर्षाला साधारण 12 आठवडे, बहुतेक सुट्टीत, पगारी काम. डिफेन्सच्या सायन्स विभागात, म्हणजे डीएसटीजीत मिळालं तर ॲडलेडजवळ एडिनबरा किंवा मेलबर्नला फिशरमन्स बेंडला खऱ्या लॅबमध्ये बसायला मिळतं, नुसतं फायली लावणं नाही.

आधी कागद. वंश, स्वतःची ओळख आणि समाजाची मान्यता या तिन्हींचं पत्र लागतं, ते सहसा स्थानिक ॲबोरिजिनल संस्था देते आणि कमिटीची मीटिंग झाल्याशिवाय हलत नाही, म्हणून जाहिरातीची वाट बघू नका, आत्ताच मागून ठेवा. डिफेन्सला नागरिकत्व आणि सिक्युरिटी क्लिअरन्स (सरकारी पार्श्वभूमी तपासणी) पण लागतो, त्यात अगदी बेसिक लेव्हललासुद्धा मागच्या 5 वर्षांचे सगळे पत्ते विचारतात (हॉस्टेल, मावशीकडे राहिलेले महिने, सगळं!), ते आजच लिहून काढा.

फॉर्म भरताना युनिव्हर्सिटीच्या इंडिजिनस सेंटरमध्ये जा, तिथली माणसं अर्ज वाचून देतात. मार्कांचं रडगाणं नको, एखादा प्रोजेक्ट नीट सांगा, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं. ॲबस्टडी (इंडिजिनस विद्यार्थ्यांचा सरकारी भत्ता) घेत असाल तर हा पैसा सेंटरलिंकला, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी ऑफिसला, कळवा, नाहीतर नंतर वसुली येते.